तळव्याखालचा खडा

गवंडी सायकलवरून उतरला तोच मुळी चहाला नाही म्हणायच्या तयारीने. मागे बांधलेलं पोतं त्याने सोडलं, आतून एकेक कौल काढून साच्याच्या ओट्यावर मांडलं आणि बाजूला होऊन उभा राहिला. प्रत्येक कौलाचा कुठे ना कुठे टवका उडाला होता, आणि खळग्याच्या तळाशी चुन्याचा पांढरा ठिपका होता.

"गोदामाचं छप्पर आहे," तो शेवटी म्हणाला. "खाली धान्य ठेवणार आहेत. पावसाळ्याच्या आत बदलून दिलीत तर ठीक, नाहीतर मी सरळ पत्रे टाकतो. मग मला बोल लावू नका."

साचेवाल्याने एक कौल उचललं, खळग्यात नख घालून पांढरी पूड काढली आणि बोटांत चोळून पाहिली. उभा जन्म कौलं पाडण्यात गेलेला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. मातीत चुनखडीचा खडा राहिला की भट्टीत तो गुपचूप भाजून निघतो, कौल दिसायला झकास दिसतं, आणि मग हवेतला ओलावा पिऊन तो खडा फुगतो आणि कौलाला आतून फोडतो. असा खडा राहतो तो एकाच जागी, माती तुडवायच्या हौदात. आणि हौदात उतरणारी माणसं दोनच होती, साचेवाल्याची बायको आणि त्याची सून.

साचेवाल्याने सुनेकडे पाहिलं. भट्टीला लाकडं रचत असलेला मुलगा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्यानेही आपल्या बायकोकडेच पाहिलं. गवंड्याचा या घराशी संबंध कौलांपुरता, पण त्यानेसुद्धा त्या पोरीकडेच पाहिलं. साचेवाल्याच्या बायकोकडे कुणाची नजर गेली नाही. ती जाण्याचं कारणच नव्हतं. तिला सगळं आवार चाळण म्हणायचं.

हे नाव तिच्या सासऱ्याने थट्टेत ठेवलेलं, आणि पुढे सगळे ते कौतुकाने घेऊ लागले. हौदात उतरली की ती टाचेने माती दाबत गोल गोल फिरायची. तळव्याला खडा लागला की न वाकता, तोंडातलं बोलणं न थांबवता, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत तो धरून काठावर भिरकावून द्यायची. मोहरीच्या दाण्याएवढा खडाही तिच्या पायातून सुटत नसे. माझ्याशी भांडताना तर जास्तच सापडतात, असं तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. घरात तिचा शब्द चालायचा तो या पायांच्या जोरावर. मुलासाठी शिंप्याची मुलगी तिनेच पसंत केली होती. सुईदोऱ्यात वाढलेली पोर चिखलात काय उभी राहणार, असं नवरा कुरकुरला, तेव्हा ती म्हणाली होती, "मी शिकवते." तिथे विषय संपला होता.

"बाबा, मी नीट लक्ष देऊन तुडवते हो," सून आता म्हणाली. आवाज लहान झाला होता.

"लक्ष देऊन काय होतंय? ती काय शिवण आहे?" मुलगा म्हणाला. गवंडी कसनुसा हसला.

"बास झालं," चाळण म्हणाली. "बोलत बसून कौलं जुळायची नाहीत. कामाला लागा." आणि ती हौदाकडे निघाली, एवढी तरातरा की रागावली आहे असंच सगळ्यांना वाटलं. रागावलेली नव्हती ती. तिला तिथे उभं राहवत नव्हतं.

कारण खडे कुणाच्या पायांतून सुटले हे तिला चांगलं ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात एकदा भट्टीच्या तोंडाशी उभी असताना तिला जळका वास आला होता. भट्टीत कातडं टाकलंस का म्हणून तिने मुलाला चार शब्द सुनावले. तो शपथा घेत होता की मी काही टाकलेलं नाही. मग तिने खाली पाहिलं. तिचा उजवा पाय निखाऱ्यावर होता. तिने पाय उचलला, पाण्यात बुडवला, चिंधी बांधली आणि घरात सांगितलं की लाकडाची सल रुतली. त्या दिवसापासून तिला स्वस्थता म्हणून नव्हती. कुणी बघत नसलं की ती तळव्याला सुई लावून बघायची, उन्हात तापलेल्या फरशीवर उभी राहून बघायची. पायाखाली कायमची जुनी गोधडी अंथरल्यासारखं वाटायचं. एक दिवस थोडं कळायचं, तेवढ्याने जीव भांड्यात पडायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. तहानही भारी लागायची, हौदापासून माठापर्यंत तिच्या फेऱ्या चालायच्या. आपण म्हातारी व्हायला लागलो, एवढंच ती स्वतःला सांगायची. पण आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायका तर पायाला मुंगी चढली तरी झटकत होत्या.

आणि मग तिने ती गोष्ट सुरू केली. हौदाच्या काठावर दोघींचे दोन ढीग असायचे, एकीचा इकडे, एकीचा तिकडे. संध्याकाळी साचेवाला येऊन ढिगांवर नजर टाकायचा आणि मगच माती ओट्यावर घ्यायचा. तिचा ढीग रोडावत चालला होता. तेव्हा पाणी आणायला जाताना ती रस्त्यावरचे बारीक खडे वेचायची, कमरेला खोचायची, आणि तुडवता तुडवता हळूच काठावर सोडायची. पहिल्या दिवशी तिने चारदा मागे वळून पाहिलं होतं. नंतर सवय झाली. अशा गोष्टींची सवय फार लवकर होते.

गवंडी येऊन गेला त्या दिवशी दोघी हौदात समोरासमोर फिरत होत्या. माती नवी होती, घोट्याच्या वर येत होती, आणि पाय उपसताना चुबुक चुबुक आवाज येत होता. सुनेने मध्येच थांबून पाय वर घेतला, बोटांतला खडा हाताने काढला आणि काठावर ठेवला. तिला अजून पायाने भिरकावता येत नसे. मग ती फिरत फिरत सासूच्या बाजूला आली आणि तिच्या ढिगाकडे बघत राहिली.

"काय गं? पाय थांबवू नकोस, माती बसते."

"आई," सून हळूच म्हणाली, "तुमच्या ढिगात पांढरा खडा एकही नाही."

चाळण फिरतच राहिली.

"सगळे काळे आहेत. रस्त्यावरच्यासारखे. या मातीत काळा खडा मला तर अजून एकही लागला नाही."

"माझ्यावर पाळत ठेवतेस?" चाळण म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या दुकानात हेच शिकलीस वाटतं, दुसऱ्याच्या टाक्याकडे बघायचं. आपलं बघ आधी. तुझ्यामुळे आज त्या गवंड्यासमोर मान खाली घालावी लागली."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. ती तिच्या बाजूला गेली आणि खाली बघून तुडवू लागली. चाळणीला आपलंच बोलणं कानात पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. पोरगी काही तिला पकडायला आली नव्हती. ती विचारायला आली होती, काळजीने. हे कळत असूनही चाळण दिवसभर एवढ्या जोरात तुडवत राहिली की संध्याकाळी मांड्यांना गोळे आले.

पायांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या याच दिवसांत. मोठ्या दवाखान्याच्या कॉलेजातून आल्या होत्या, बरोबर एक टक्कल पडलेला मदतनीस आणि गाडीभर सामान. कौलं वाळवायची पडवी सपाट आणि सावलीची म्हणून त्यांनी तिथेच बस्तान मांडलं. काच बसवलेली एक लाकडी चौकट होती, तिच्यावर माणसाला उभं करायचं आणि खालच्या आरशात तळवा बघायचा. शाईची गादी होती, मोजपट्ट्या होत्या, कॅमेरा होता.

"आम्ही पायांचा अभ्यास करतोय," डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं. "जन्मभर अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायांचं काय होतं ते बघायचंय. हाडं कशी बसतात, कमान टिकते का, बोटं कुठे वाकतात, कुठला आजार होतो आणि कुठला होत नाही."

लाकडं वाहणारा काका सगळ्यात आधी पुढे झाला. त्याचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला, तो पायाच्या कडेवर चालायचा आणि त्या कडेला टाचेसारखा जाड घट्टा पडला होता. डॉक्टरीणबाईंनी तो पाय मांडीवर घेऊन इकडून तिकडून निरखला, फोटो काढले, घोटा फिरवून पाहिला.

"तान्हेपणी आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं असतं ना काका, तर हा पाय सरळ झाला असता."

"मग आता जरा उशीर झाला म्हणायचा," काका म्हणाला. सगळे हसले, डॉक्टरीणबाईही हसल्या, पण पाय खाली ठेवताना त्यांनी तो फार जपून ठेवला.

चाळणीने टाळाटाळ चालवली होती. हौदात पाणी कमी आहे, माती झाकायची आहे, एक ना दोन. पण तिचा नवराच तिला घेऊन आला. "हिचे पाय बघा," तो म्हणाला. "बाकीचे बघितले नाहीत तरी चालेल."

तिने पाय घासूनपुसून घेतले होते. काचेवर उभी राहिली तेव्हा डॉक्टरीणबाई खाली वाकून आरशात बघत राहिल्या आणि मदतनिसालाही त्यांनी बोलावलं. पंजा केवढा रुंद बघा. बोटं कशी एकमेकांपासून मोकळी. अंगठा सरळ रेषेत. चपलांनी सगळ्यांचे अंगठे आत दाबले जातात हो, असा अंगठा आम्हाला फक्त चित्रात बघायला मिळतो. साचेवाला मान डोलवत होता, जणू तो अंगठा त्यानेच साच्यातून काढला होता. मग डॉक्टरीणबाईंचं बोट उजव्या तळव्यावरच्या जुन्या भाजल्याच्या खुणेवर थांबलं.

"हे कशाने?"

"निखारा."

"दुखलं असेल खूप."

"दुखलं की. दोन दिवस ओरडत होते," चाळण म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. त्याला तिने सांगितलेली सल आठवत होती.

मग मदतनिसाने एक दोरा काढला. काडीच्या टोकाला बसवलेला नायलॉनचा बारीक, ताठ दोरा. "मावशी, डोळे मिटा. मी हा तळव्याला टेकवीन. कळलं की हो म्हणायचं. बाकी काही नाही."

तो स्टुलावर बसला आणि तिचा पाय समोरच्या पेटीवर घेतला. तिने डोळे मिटले. आता सगळं उघडं पडणार, इथेच, या सगळ्यांसमोर. आणि तेवढ्यात स्टूल करकरलं. मदतनीस पुढे वाकला होता.

"हो," ती म्हणाली.

क्षणभराने पुन्हा करकर. "हो." मग तो मुद्दाम बराच वेळ थांबला, फसवायला. स्टूल गप्प होतं, तीही गप्प राहिली. करकर. "हो." जीव कानांत आणून ती ऐकत होती. जन्मात कधी कुठल्या लाकडाचं बोलणं तिने इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. दोन्ही पाय झाले, आणि मदतनीस म्हणाला, "एकही चुकलं नाही."

नंतर सून बसली. तिला स्टुलाचं काही सुचायचं कारण नव्हतं. हौदात उतरून दोनच हंगाम झाले होते, तळव्यांना नव्या भेगा पडल्या होत्या, कातडी राठ होऊ लागली होती. दोन वेळा तिने काहीच म्हटलं नाही. "दोनदा नाही कळलं," मदतनीस म्हणाला. "टाचेला. तिथे घट्टा आहे, त्यात विशेष काही नाही."

'विशेष काही नाही' हे शब्द कुणी ऐकलेच नाहीत.

जाताना डॉक्टरीणबाई साचेवाल्याला म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचे पाय नमुना आहेत. निरोगी अनवाणी पाय कसा असतो ते दाखवायला आम्हाला असाच पाय हवा होता. पुढच्या आठवड्यात येते, यांच्या पायांचा प्लास्टरचा साचा घेऊ. विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल."

"साचा म्हणजे आमचंच काम," साचेवाला म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. गाडी वळणाआड गेली तसा तो सुनेकडे वळला, आणि तो फुललेला चेहरा हळूहळू मिटत गेला.

"बघितलंस? आता तर डॉक्टरांनीच सांगितलं."

चाळण चुलीपाशी पाणी पीत उभी होती. भांडं तिच्या हातात तसंच राहिलं. स्वतःला लपवायला तिने जे केलं होतं, त्यानेच पोरीचा गळा धरला होता. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. खरंच आलं नव्हतं. तिला फक्त त्या स्टुलावरून सुटायचं होतं.

पुढचं बोलणं पुरुषांनीच केलं, जेवताना. सुनेने हौदात उतरायचं नाही. घरात बसून ती करणार काय, तर थोडे दिवस तिने वडिलांकडे जावं.

"थोडे दिवस म्हणजे किती?" सुनेने विचारलं.

मुलाने ताटातून मान वर केली नाही. "छपराची कौलं पुरी होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग बघू."

"हौदाला पाय लागतात," साचेवाला म्हणाला. तो दुष्ट माणूस नव्हता. कौलांपुढे त्याला दुसरं काही दिसत नसे, एवढंच. "हिच्यानंतर कोण उतरणार? मी तेव्हाच म्हटलं होतं, आपल्या कामातली मुलगी बघा. आता माझं म्हणणं पटलं असेल." हे शेवटचं त्याने बायकोकडे बघून म्हटलं. 'मग बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. गेलेली पोर परत येईल असं त्या घरात कुणाच्याच बोलण्यात नव्हतं.

भांडी घासताना सून सासूच्या शेजारी बसली.

"आई, मला दोन वेळा कळलं नाही, ते मी खरं सांगितलं," ती म्हणाली. "माझं तेवढंच चुकलं."

चाळणीला वाटलं, हिने ओरडावं, ढिगातले काळे खडे आणून सगळ्यांसमोर ओतावेत. म्हणजे आपल्याला काही करावं लागणार नाही. पण सून भांडी पालथी घालून उठून गेली.

सून अजून जायची होती, पण हौदात आता चाळण एकटीच होती. नवी माती आली, पाणी सोडलं गेलं. पहिल्या दिवशी तिने भल्या पहाटेपासून तुडवलं. एकेका जागेवर तीन-तीनदा टाच फिरवली. काही लागलं नाही. माती स्वच्छही असेल, तिने स्वतःला सांगितलं. असते कधी कधी. पण मन मानेना. जेवायला पुरुष घरात गेले तेव्हा तिने सुनेच्या जुन्या ढिगातले मूठभर पांढरे खडे उचलले आणि हौदात सगळीकडे फेकले. मग उतरली.

ऊन डोक्यावर होतं. ती टोकापासून सुरुवात करून हातभर जागा सोडायची नाही अशा बेताने तुडवत गेली. इथे फेकला होता, या कोपऱ्यात, डोळ्यांनी पाहिलं होतं. टाच दाबली, फिरवली, बोटं पसरली, मिटली. बोटांत नुसता चिखल. पुढे गेली. मागे आली. घाम डोळ्यांत उतरत होता. पूर्वी याच पायांना चिखलातलं सगळं कळायचं, मुळाचा तुकडा कुठला, शिंपला कुठला, खडा कुठला. आता खाली कुणी राहतच नाही असं वाटत होतं. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती चाचपू लागली. हातांना एक खडा लागला, मग दुसरा, मग एकदम तीन, जिथून ती आत्ताच चालत गेली होती तिथेच. त्या खड्यांकडे बघताना तिला स्वतःची शरम वाटली, आणि भीती वाटली, आणि त्याहून जास्त त्या पोरीची आठवण आली.

काठावर बसून तिने पाय धुतले. डाव्या पायाच्या करंगळीखाली कौलाची एक कपची रुतलेली होती, चांगली नखाएवढी. कधी रुतली, देव जाणे. तिने ती उपटली. रक्त आलं, पण ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं ती बघत बसली. भोवतीची कातडी पांढरी पडून फुगली होती आणि तिला वास येत होता.

नवरा जेवून आला. "माती झाली का?"

"नाही."

"अजून नाही? चाळण गंजली की काय?" तो हसला.

"उद्या घ्या," ती म्हणाली. त्याच्याकडे बघून सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तो केव्हाच साच्यांना राख लावायला गेला होता. आणि तिलाही बरंच वाटलं. सांगितल्यावर या घरात आपण कोण उरणार, हे तिला कळत नव्हतं. हौदाबाहेर ती कधी कोणी नव्हतीच.

डॉक्टरीणबाईंची गाडी आली त्याच सकाळी सून निघायची होती. तिची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवलेली होती, मुलगा चाकात हवा भरत होता. पडवीत मदतनिसाने प्लास्टरची पूड परातीत ओतली, तर साचेवाला त्याच्या शेजारी उकिडवा बसून सांगत होता, आधी पाणी घ्या, मग पूड घाला, नाहीतर गुठळ्या होतात. मदतनीस म्हणाला, आम्हीही तसंच करतो. साचेवाल्याचं समाधान झालं नाही.

चाळण आली. लंगडत नव्हती, कारण लंगडायला दुखावं लागतं. पण पायाला चिंधी बांधलेली होती.

"हे काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आधी तो दोरा काढा," ती म्हणाली.

"कुठला?"

"त्या दिवशीचा. परत लावून बघा."

"ते झालंय ना. सगळं बरोबर आलंय तुमचं."

"परत बघा. साचा मग घ्या." ती जरा दरडावूनच बोलली. मदतनिसाने स्टूल ओढलं. "त्याच्यावर बसू नका. ते करकरतं. त्या दिवशी मी त्यालाच हो म्हणत होते."

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. साचेवाल्याला काही उलगडलं नाही. तो म्हणाला, "अगं, काय बोलतेस? चहा घेतलास का सकाळी?"

"तुम्ही पण इथे उभे राहा. आणि तू, सायकल सोड, इकडे ये. तिलाही बोलव." मुलगा आला, त्याच्यामागे सून आली, जायचे कपडे घातलेली. "सगळे बघा. आणि कुणी बोलू नका, कुणी हलू नका."

ती साच्याच्या ओट्यावर बसली, दगडी ओटा, कुठे आवाज नाही. तिने स्वतःच पायाची चिंधी सोडली. मग पोरीच्या खांद्यावरचा कपडा मागून घेतला, डोळ्यांवर दोनदा गुंडाळला आणि मागे गाठ मारली. पाय पुढे केले.

अंधार झाला. आधी तिला स्वतःचाच श्वास ऐकू आला. मग लांब कुठेतरी काकाच्या कुऱ्हाडीचा आवाज. मदतनीस जमिनीवर बसल्याचं तिला कपड्याच्या सळसळीवरून कळलं, त्यानंतर काही नाही. ती सगळा जीव पायात नेऊन थांबली. इतकं सगळं करून बसली होती, तरी आतून तिला हेच हवं होतं की आत्ता काहीतरी लागावं. एकदा. टाचेला, बोटाला, कुठेही. लागलं तर ती लाज सोडून हो म्हणाली असती. उजव्या अंगठ्यात काहीतरी झालंसं वाटलं, पण ते आत होतं, बाहेरचं नव्हतं, आणि खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मदतनीस सावकाश माणूस दिसतो. पेटी उघडत असेल. दोरा पुसत असेल. बराच वेळ गेला.

"आटपा की," ती म्हणाली.

कुणी बोललं नाही. कुऱ्हाडही थांबली होती.

"अहो, माती वाळतेय तिकडे. कधी सुरू करणार?"

तेव्हा अगदी जवळून, तिच्या गुडघ्यापाशी, सुनेचा आवाज आला.

"झालं, आई."

"काय झालं?"

"दोरा लावून झाला. दोन्ही पायांना, सगळीकडे. मग बाबांनी नखाने दाबून पाहिलं. तेही झालं."

सायकलच्या हँडलवरून पिशवी काढल्याचा आवाज आला, आणि मुलाची पावलं ती घेऊन घरात गेली. तिने डोळ्यांवरचा कपडा सोडला नाही. हात तेवढा खाली नेला, चाचपत, स्वतःच्या पायापर्यंत. तिथे अंगठ्याभोवती नवऱ्याची मूठ घट्ट मिटलेली होती. त्याने तो कधी धरला होता, तिला माहीत नव्हतं.